तुटलेला न्यूट्रल: मानेवाड्यातल्या एका रात्रीच्या कॉलचा प्रकरण अभ्यास

तक्रार काय होती

नवतपा, म्हणजे मेअखेरचे तापलेले दिवस, सुरू होता आणि रात्रीचा एक वाजून गेला होता. आमच्या खासगी वायरमन सेवेला कॉल आला नागपुरातल्या मानेवाडा रोडच्या आतल्या वस्तीतून. दुमजली घर, थ्री-फेज मीटर. खाली घरमालक, त्यांची पत्नी आणि ऐंशी ओलांडलेले वडील, वर भाडेकरू. फोनवर घरमालकांचा मुलगा बोलत होता.

"भाऊ, वरच्यांचा इन्व्हर्टर बिघडला वाटते. लाइट तर आहे, पण तो बॅटरीवरच चालून राहिला. आणि आमचा खालचा कूलर नुसता घूं-घूं करते, फिरूनच नाही राहिला."

त्याने आधी इन्व्हर्टरवाल्याला फोन केला होता. त्याने सकाळी बघतो म्हणून सांगितलं, आणि ऐकलेल्या माहितीवर ते चुकीचंही नव्हतं. पण त्या दोन वाक्यांत दोन वेगळ्या तक्रारी होत्या. वरचं यंत्र मेनची लाइट घ्यायला तयार नाही, खालच्या मोटरला जोर पुरत नाही. एकाच घरात, एकाच वेळी. रात्रीच्या ड्यूटीवरच्या माणसाने इथेच कान टवकारायला हवेत.

इन्व्हर्टर लाइट असूनही बॅटरीवर जातो तो एक तर व्होल्टेज फार कमी असेल म्हणून, नाही तर फार जास्त असेल म्हणून. घरगुती इन्व्हर्टर साधारण १०० ते २९० व्होल्टपर्यंत चालवून घेतो. त्यापलीकडे गेलं की मेन सोडून देतो. म्हणजे तो बिघडलेला नव्हता, त्या घरात त्या घडीला शहाण्यासारखं वागणारं ते एकमेव यंत्र होतं. मी मुलाला इन्व्हर्टरच्या डिस्प्लेवरचा आकडा वाचायला सांगितला. २९६. मग खाली येऊन फ्रिजच्या स्टॅबिलायझरवरचा. ११०. वरच्या एसीच्या स्टॅबिलायझरवर काहीच दिसत नव्हतं, जळकट वास मात्र येत होता.

२९६ आणि ११० यांची बेरीज ४०६. आपल्याकडे फेज (वीज आणणारी तार) आणि न्यूट्रल (परतीची तार) यांच्यामध्ये २३० व्होल्ट असतात आणि दोन फेजच्या मध्ये ४०० च्या आसपास. दोन मजल्यांच्या आकड्यांची बेरीज चारशेवर येऊन थांबत असेल आणि तिसऱ्या फेजवर काही चालू नसेल, तर न्यूट्रल तुटलाय हे जागेवर न जाताही जवळपास नक्की धरता येतं.

फोनवरच जे करायचं ते

पुढचा प्रश्न: शेजारच्यांकडे काय परिस्थिती? न्यूट्रल खांबावर किंवा डीपीवर (गल्लीच्या ट्रान्सफॉर्मरपाशी) तुटला असता तर गल्लीतल्या बऱ्याच घरांत असाच डिम-फुलचा खेळ चालू असता, आणि मग आमच्या माणसाने जाऊन उपयोग नव्हता. तिथे १९१२ हाच पहिला फोन. समोरच्या आणि बाजूच्या घरात सगळं व्यवस्थित होतं. म्हणजे बिघाड या घराच्या सर्व्हिस वायरपासून (खांबावरून घराला येणारी वायर) आत कुठेतरी.

मेन स्विच फाटकाजवळच्या लोखंडी पेटीत होता. तो पाडायला सांगण्याआधी मी मुलाला हात न लावता चार फुटांवरून नुसतं ऐकायला सांगितलं. "हव, कर्र-कर्र आवाज येऊन राहिला, आणि वासही आहे." अशा पेटीच्या हँडलला हात लावायला मी कुणाच्या घरच्या माणसाला सांगत नाही. आत काय वितळलंय, कुठली वायर पत्र्याला टेकलीय, हे बाहेरून कळत नाही. त्याऐवजी घरातल्या डीबीतलं, म्हणजे एमसीबींच्या पेटीतलं, चार पोलचं मोठं आयसोलेटर (तिन्ही फेज आणि न्यूट्रल एकदम तोडणारा स्विच) खाली पाडायला लावलं. लोड सुटला की त्या खराब जॉइंटमधून जाणारा करंटही थांबतो. झालंही तसंच. आयसोलेटर पडलं आणि बाहेरचा कर्र-कर्र आवाज बंद झाला. न्यूट्रलचा जॉइंट मेन स्विचच्या पेटीतच गेलाय, याचा तो अर्धा पुरावा.

मग वरचा इन्व्हर्टरही बंद करायला सांगितला. लोक हे हमखास विसरतात. मेन पाडली तरी इन्व्हर्टर घराच्या निम्म्या वायरिंगमध्ये २३० व्होल्ट सोडत असतो, आणि "लाइट बंद आहे" या भरवशावर हात घालणारा वायरमन त्यात सापडतो.

महावितरणकडेही तक्रार लगेच नोंदवायला लावली. कारण पुढे येईल. मुलाने मीटरच्या पेटीवरच्या जुन्या स्टिकरवरचा नंबर लावला, तो काही लागला नाही. २०११ ते २०१९ या काळात महाल, गांधीबाग आणि सिव्हिल लाइन्स विभागांचं वितरण फ्रँचायझीकडे होतं. ती स्टिकरं काही घरांत अजून तशीच आहेत आणि अडीनडीला माणूस समोर दिसतो तोच नंबर फिरवतो. १९१२ लागला.

व्होल्टेज असं का फिरतं

थ्री-फेज घरात तीन फेज तीन वाटांनी येतात आणि परतीची वाट एकच असते, न्यूट्रल. ती शाबूत असेपर्यंत प्रत्येक फेजवरच्या उपकरणांना आपले आपले २३० व्होल्ट मिळतात, शेजारच्या फेजवर काय चाललंय याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. न्यूट्रल तुटला की परतीची वाट बंद. मग खालच्या मजल्याचा करंट वरच्या मजल्याच्या उपकरणांतून वाट काढतो. दोन मजले दोन फेजच्या मध्ये एकापाठोपाठ एक जोडल्यासारखे होतात आणि चारशे व्होल्ट आपसात वाटून घेतात. या वाटणीत ज्याच्याकडे लोड कमी, त्याच्या वाट्याला व्होल्टेज जास्त.

या घरात खाली कूलर, फ्रिज, पंखे मिळून साधारण ९०० वॉट. वर टीव्ही, दिवे, एक पंखा, म्हणजे ३०० च्या आसपास. तीनास एक. म्हणून खाली चारशेचा चौथा हिस्सा आणि वर तीन हिस्से. हिशेबाने १०० आणि ३००, प्रत्यक्षात ११० आणि २९६.

एसीच्या स्टॅबिलायझरचं मरण जरा वेगळं आणि शिकण्यासारखं. एसी तिसऱ्या फेजवर होता. न्यूट्रल सुटला तेव्हा सगळ्यात जास्त लोड त्याच्याच फेजवर, म्हणून व्होल्टेज आधी तिथे पडलं. स्टॅबिलायझरने लो व्होल्टेज बघून एसी तोडला, त्याचं काम त्याने चोख केलं. पण एसी सुटल्याबरोबर तोच फेज मोकळा झाला, आणि मोकळ्या फेजवर अशा वेळी व्होल्टेज चढतं. हिशेब केला तर ३६० च्या वर. एसी वाचला, आणि त्याला वाचवणाऱ्या स्टॅबिलायझरमधला ट्रान्सफॉर्मर ते व्होल्टेज सोसत जळून गेला.

वरच्यांचा सेट-टॉप बॉक्स आणि टीव्हीही गेला. अशा उपकरणांच्या आत शिरताच एक मोठा कपॅसिटर असतो, बहुतेक वेळा ४०० व्होल्टचा. २९६ व्होल्ट लाइटची प्रत्येक लाट शिखरावर ४१८ पर्यंत जाते. तो फुगला नाही तरच नवल.

घरमालकांचा प्रश्न सगळे विचारतात तोच होता: "एवढं झालं, मग एमसीबी काहून नाही पडली? ईएलसीबीही लावली आहे नं आम्ही!" एमसीबी करंट बघते, इथे करंट जास्त नव्हता, व्होल्टेज जास्त होतं. ईएलसीबी, म्हणजे आताची आरसीसीबी, फेजने गेलेला आणि न्यूट्रलने परतलेला करंट यांतला फरक बघते. करंट जमिनीत गळत नसेल तर तिच्या लेखी सगळं आलबेल. दोघींनी आपापलं काम केलं. न्यूट्रल तुटल्यावर घर तोडणारं तिसरं उपकरण असतं, ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर, आणि ते या घरात नव्हतं. नागपुरातल्या बहुतेक थ्री-फेज घरांत मला ते दिसत नाही. लोक एसीसाठी, फ्रिजसाठी वेगवेगळा स्टॅबिलायझर घेतात आणि घराच्या दाराशी काहीच बसवत नाहीत.

जागेवरचा तपास

आम्ही पोचलो तेव्हा अंगणात चार-पाच माणसं जमलेली. आजोबा व्हरांड्यात खाटेवर, अंगावर ओला पंचा. रात्री दोनलाही हवेत गारवा नाही, कूलर बंद. घाई कुणाला का होणार नाही!

न्यूट्रल तपासताना नुसत्या मल्टिमीटरवर विसंबणं धोक्याचं. लोड नसताना तुटलेल्या न्यूट्रलवरही तो दोनशेच्या घरातला आकडा दाखवू शकतो, कारण त्याला चालायला करंट लागतच नाही म्हटलं तरी चालेल. आमच्या पिशवीत म्हणून अजून १०० वॉटचा जुना पिवळा बल्ब आणि होल्डर असतो. पेटी लाकडी काठीने उघडली. आत न्यूट्रल लिंकचा चिनी मातीचा ठोकळा काळा पडलेला, पितळी स्क्रूचं डोकं निळसर, आणि त्याखाली ॲल्युमिनियमची वायर वितळून मण्यासारखी गोळा झालेली. वायरवरचं प्लास्टिक वीतभर मागेपर्यंत कडक होऊन तडकलेलं. मीटरकडून येणाऱ्या न्यूट्रलवर, जळलेल्या टोकाच्या मागे, बल्ब लावला: लख्ख. लिंकच्या पलीकडे, घराकडे जाणाऱ्या बाजूला लावला: अंधार. तिन्ही फेजवर तेच. मीटरपर्यंत महावितरणचं सगळं ठीक होतं. बिघाड मीटरनंतरचा, म्हणजे घरमालकांचा.

दोन सूचना, ज्या आम्ही ऐकल्या नाहीत

पहिली शेजारच्या काकांची. "अर्थिंगची वायर न्यूट्रलला लावून द्या नं भाऊ, रात्र तर निघून जाईल. सकाळी पाहू." ते खोटं बोलत नव्हते. तसं केलं असतं तर दिवे लागले असते, कूलरही फिरला असता. हा उपाय शहरात सर्रास चालतो आणि म्हणूनच त्यावर थोडं थांबतो.

मेच्या अखेरीला आमच्या भागातली काळी माती भेगाळलेली असते. अर्थिंगच्या खड्ड्यात वर्षभरात कुणी तांब्याभर पाणी टाकलेलं नसतं. अशा खड्ड्याचा रोध २० ओहम धरला, जो अशा दिवसांत मुळीच वावगा नाही, आणि खालच्या मजल्याचा ४ अँपिअर करंट त्यातून परत पाठवला, तर अर्थिंगच्या वायरवर ८० व्होल्ट उभे राहतात. आता ती वायर कुठे-कुठे जोडलेली असते? फ्रिजच्या बॉडीला, गीझरला, आणि पत्र्याच्या कूलरला, ज्याच्या भोवती फरशी ओली असते आणि ज्यात घरातली बाई अनवाणी पायाने बादलीने पाणी ओतते. दिवे लागतील, आणि घरातलं प्रत्येक धातूचं अंग शॉक मारायला तयार होईल. आमच्या सोबतचा पोरगा काकांना एवढंच म्हणाला, "काकाजी, कूलरले पहिला हात तुम्ही लावसान का?" त्यावर काही उत्तर आलं नाही.

दुसरी सूचना घरमालकांचीच: चालू लाइनवरच जळकं टोक कापून परत कसून द्या, पाच मिनिटांचं काम. मेन स्विचच्या येणाऱ्या बाजूला मीटरकडून तिन्ही फेज जिवंत होते. ते बंद करायचे तर एक तर मीटरच्या सीलच्या आत हात घालायचा, ज्याचा आम्हाला अधिकार नाही, किंवा खांबावरून सर्व्हिस सोडवायची, जे लाइनमनचं काम. तक्रार आधीच नोंदवायला लावली ती यासाठी. बिघाड आपल्या बाजूचा असला तरी दुरुस्ती सुरक्षित करायला महावितरणचा माणूस लागतो, हे खासगी सेवा घेणाऱ्यांच्या लक्षात येत नाही, आणि आलेला वायरमन "मी करतो नं" म्हणाला की त्यांना तो हुशार वाटतो.

लाइनमन येईपर्यंत आजोबांची सोय बघितली. वरच्यांचा इन्व्हर्टर धडधाकट होता. त्याच्या आउटपुटची घराकडे जाणारी वायर काढून ठेवली आणि त्याच्या सॉकेटमधून एक्स्टेन्शन जिन्यावरून खाली आणून एक टेबल फॅन लावून दिला. घराच्या वायरिंगशी त्याचा संबंध नाही. वारा सुरू झाला आणि अंगणातल्या माणसांचा आवाज निम्म्यावर आला.

दुरुस्ती, आणि काय बंद ठेवलं

लाइनमनने खांबावरून सर्व्हिस सोडली. टेस्टर आधी इन्व्हर्टरच्या चालू सॉकेटवर बघितला, मग पेटीतल्या तारांवर, मग पुन्हा सॉकेटवर. मेलेल्या टेस्टरच्या भरवशावर हात घातलेली माणसं मी बघितली आहेत. नंतर केबल चकचकीत धातू लागेपर्यंत मागे कापली. ॲल्युमिनियमसाठीचं आणि पितळ-तांब्यासाठीचं अशी दोन अंगं असलेलं बायमेटलिक लग (तारेच्या टोकाची टोपी) दाबून क्रिम्प केलं, आणि जळकी लिंक वगळून न्यूट्रल बोल्टने थेट पुढच्या केबलला जोडला. अशा जुन्या मेन स्विचमध्ये न्यूट्रलला स्विच किंवा फ्यूज नसतोच, लिंक म्हणजे नुसता जोड. त्यामुळे हा बोल्टचा जोड जुगाड ठरत नाही. वरून इन्सुलेशन, पेटी बंद. लाइनमनने लाइन जोडली. तिन्ही फेज बल्ब लावून मोजले: २३४, २३६, २३१.

आता सगळ्यांना वाटलं, आयसोलेटर उचला. आम्ही खालच्या मजल्याच्या दोन एमसीबी उचलल्या, एक पंख्या-दिव्यांची आणि एक कूलरची, तीही मेगरने (इन्सुलेशन तपासायचं मीटर) इन्सुलेशन बघून. वरचा मजला सकाळपर्यंत बंद. तिथे किती वेळ तीनशे व्होल्ट होते हे कुणाला नक्की माहीत नव्हतं. एक एलईडी पॅनल फुटला होता, एका बोर्डातून वास येत होता आणि लोक झोपणार होते. वरच्या वहिनी नाराज झाल्या. "पैसे पूर्ण घेता आणि लाइट अर्धीच देता?" त्यांच्या जागी मीही तेच म्हटलं असतं. पण रात्रीच्या कॉलमध्ये काय चालू करायचं यापेक्षा काय बंद ठेवायचं हे ठरवण्याचेच पैसे असतात, असं माझं मत आहे, आणि हे सांगताना गिऱ्हाईक तुटलं तरी चालेल. ते कुटुंब खाली हॉलमध्ये कूलरसमोर झोपलं.

सकाळी वरचं प्रत्येक सर्किट सुटं करून मेगर लावला. एकाचं रीडिंग एक मेगओहमच्या खाली आलं, म्हणजे इन्सुलेशन खराब. त्या वासाच्या बोर्डात पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आतून कोळसा झाला होता आणि त्याच्या मागे वायरचं इन्सुलेशन होरपळलं होतं.

जॉइंट जळला कसा

हे घर बांधलं तेव्हा एकमजली होतं. मग वरचा मजला चढला, मग एसी आला, बोअरची मोटर आली. मेन स्विच तोच राहिला. तिन्ही फेजवर सारखा लोड असता तर न्यूट्रलमधून फारसा करंट गेलाच नसता. पण एसी आणि मोटर दोन्ही एकाच फेजवर टाकलेले, आणि तो सगळा फरक न्यूट्रल वाहत होता. त्यात ॲल्युमिनियमची तार थेट पितळी स्क्रूखाली दाबलेली. ॲल्युमिनियम तापलं की पितळापेक्षा जास्त प्रसरण पावतं, दाबाखाली हळूहळू चपटं होतं, थंड झालं की स्क्रू ढिला राहतो. वर हवेने ऑक्साइडचा थर चढतो, तो वीज नीट जाऊ देत नाही. ढिला जॉइंट तापतो, तापला की आणखी ढिला होतो. पेटी पश्चिमेच्या भिंतीवर, दुपारभर उन्हात. फेजच्या स्क्रूंची हीच गत होऊ घातली होती. न्यूट्रल आधी गेला इतकंच.

दिवाळीपासून वरचे दिवे मधूनच जास्त प्रकाशतात आणि मोटर सुरू झाली की फडफडतात, हे वहिनींनी सकाळी सहज सांगितलं. मोटर सुरू होताना दिवा डिम होणं नेहमीचं; तो उजळणं हे न्यूट्रल ढिला असल्याचं लक्षण.

पैसे आणि पुढचं

रात्रीचा व्हिजिट चार्ज फोनवरच सांगितला होता, सामानाचं बिल वेगळं, त्यावर वाद झाला नाही. वाद झाला टीव्हीवर. भाडेकरूंचं म्हणणं, वायरिंग घरमालकांचं. घरमालकांचं म्हणणं, नुकसानभरपाई वीज कंपनीकडून मागू. न्यूट्रल खांबावर तुटला असता तर ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे जायला आधार होता, आणि त्याच्या वर दाद मागायला विद्युत लोकपालांचं कार्यालय नागपुरातच आहे. इथे जॉइंट मीटरनंतर, घराच्या बाजूला जळला होता. आम्ही तपासाची नोंद लिहून दिली, त्यात लाइनमनने काय बघितलं तेही लिहिलं. शेवटी टीव्हीचा खर्च दोघांनी निम्मा-निम्मा घेतला.

जुना मेन स्विच काढून चार पोलची एमसीबी आणि त्यापुढे तिन्ही फेज बघणारा व्होल्टेज प्रोटेक्टर बसवला. बोअरची मोटर दुसऱ्या फेजवर नेली. सगळी ॲल्युमिनियमची टोकं लग लावून बांधली. अर्थिंगचा नवा खड्डा पावसाच्या आधी केला, पण त्याचं खरं माप पुढच्या मेमध्ये घ्यायचं ठरलंय. पावसाळ्यात ओल्या मातीत घेतलेला आकडा कुठल्याही खड्ड्याचा चांगलाच येतो.